मानेसरचं मेंदू केंद्र कुणी उभं केलं, आणि आपल्याकडे तसं का नाही?

प्रश्न उदगीरच्या एका मुलीचा आहे. ती जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. नीटमध्ये दोनदा थोडक्यात हुकली, त्याचं सुतक घरात अजून फिटलेलं नाही. तिनं तीन गोष्टी विचारल्यात. हरियाणात, दिल्लीजवळच्या मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र कसं उभं राहिलं आणि ते चालवणारी माणसं कोण? तिथं जायला डॉक्टर असावं लागतं का? आणि असं काही मराठवाड्यात का नाही?

मी लातुरात अठ्ठावीस वर्षं मेंदूविकारांचे रुग्ण तपासतो. त्याआधी तीन वर्षं बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत, शिकलो. त्यामुळं यातला काही भाग वाचलेला आहे, काही डोळ्यांनी पाहिलेला.

आधी मधला प्रश्न, कारण तुझी झोप त्यानंच उडालेली दिसते. नाही, डॉक्टर असावं लागत नाही. मानेसरचं केंद्र ज्यांनी उभं केलं त्या विजयालक्ष्मी रवींद्रनाथ वैद्यकीय डॉक्टर नाहीत. त्या जीवरसायनशास्त्राच्या. आंध्र विद्यापीठातून एम.एस्सी., म्हैसूर विद्यापीठाची पीएच.डी. आपल्या लातूर पॅटर्ननं पोरांच्या डोक्यात एकच शिडी ठोकून बसवली आहे आणि तिच्या पहिल्या पायरीवरून घसरला तो संपला, अशी समजूत करून दिली आहे. मेंदूवर आयुष्यभर काम केलेल्या कितीतरी माणसांनी त्या शिडीला कधी हात लावलेला नाही. हे उत्तर घरी मोठ्यानं वाचून दाखव.

आता इतिहास. तो बंगळुरूपासून सांगावा लागतो, कारण मानेसरला गेलेली पहिली शिदोरी तिथली.

१८४७ साली म्हैसूर संस्थानात बंगळुरूला वेड्यांचं इस्पितळ निघालं. नाव तेच होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. १९२५ साली ते नाव काढून 'मानसिक रुग्णालय' असं केलं गेलं. फ्रँक नोरोन्हा हे तिथले अधीक्षक आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांचा त्यांना पाठिंबा. या दोघांच्या काळात कोंडवाड्याचं रुग्णालय झालं. १९४६ च्या भोर समितीनं सांगितलं की देशात मानसिक आरोग्याचं शिक्षण देणारी संस्था हवी, आणि १९५४ मध्ये त्याच आवारात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक एम. व्ही. गोविंदस्वामी. मग २७ डिसेंबर १९७४ ला ही संस्था आणि जुनं सरकारी रुग्णालय एकत्र करून निम्हान्स झालं.

इथं थोडं थांबतो, कारण सगळ्या गोष्टीतली महत्त्वाची वळणं दोन-तीनच आहेत आणि त्यातलं हे एक. निम्हान्सचे पहिले संचालक झाले आर. एम. वर्मा. ते मेंदूचे शल्यचिकित्सक. म्हणजे जिथं बहुतेक खाटा मनोरुग्णांच्या, त्या जागेची सूत्रं कवटी उघडणाऱ्या माणसाकडं गेली. मनाचा डॉक्टर, नसांचा डॉक्टर आणि शल्यचिकित्सक एकाच आवारात, एकाच जेवणघरात आले. हे किती मोठं होतं ते आपल्या ओपीडीत बसल्यावर कळतं. माझ्याकडं फिटचा रुग्ण येतो तो आधी भगताकडून, मग देवीच्या दारातून, मग 'टेन्शन आहे' म्हणून झोपेच्या गोळ्या घेऊन, आणि शेवटी ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाला. आई सांगते, "वारं हाय म्हनले सगळे, कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, कामून कमी होईना बघा." मन आणि मेंदू या दोन खोल्यांमधली भिंत आपल्या गावात अजून उभी आहे. बंगळुरूला ती निदान एका आवारापुरती पाडली गेली.

हा एकत्र नांदण्याचा विचार आपला मूळचा नव्हे. तो आला कॅनडातून. वाइल्डर पेनफिल्ड हा शल्यचिकित्सक न्यूयॉर्कला अशी संस्था काढायला निघाला होता. तिथल्या डॉक्टरांच्या आपसातल्या हेव्यादाव्यांत ते बारगळलं. मग तो माँट्रियलला गेला, रॉकफेलर फाउंडेशननं बारा लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली आणि १९३४ मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली. पेनफिल्ड तिथं १९६० पर्यंत संचालक होता. सव्वीस वर्षं! रुग्ण जागा ठेवून तो मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श करी आणि विचारी, आता काय जाणवतं? त्यातून मेंदूवर शरीराचा जो नकाशा निघाला तो आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, मोठे ओठ आणि राक्षसी हात असलेला तो बुटका माणूस. पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्यानं शिकवलेली माणसं. त्यातला एक केरळचा जेकब चांडी. चांडींनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. वर्षभरात मद्रासला बी. राममूर्तींनी. १९५१ मध्ये या दोघांनी बलदेव सिंग आणि एस. टी. नरसिंहन यांना घेऊन न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया काढली. चार माणसं! आपल्याकडं गणेश मंडळाची कार्यकारिणीसुद्धा त्याहून मोठी असते.

मुंबईचं काय, असं तू विचारशील. मुंबईत माणसं अव्वल होती. नोशिर वाडिया लंडनहून शिकून आले आणि १९५७ मध्ये जे.जे.त न्यूरॉलॉजीचा विभाग सुरू केला. १९७१ साली डोळे येण्याची जबरदस्त साथ आली होती, घरातल्या जुन्या माणसांना विचार. डोळे बरे झाल्यावर काही रुग्णांचे पाय लुळे पडायला लागले, पोलिओसारखे. त्या विषाणूचा मज्जारज्जूच्या मुळांवर होणारा हा हल्ला वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून जगाला सांगितला. त्यासाठी त्यांच्याकडं भारी यंत्र नव्हतं. रुग्णाला 'गेल्या महिन्यात डोळे आले होते का' हा प्रश्न विचारण्याची सवय होती. मुंबईला मात्र मेंदूची अशी एकजीव संस्था झाली नाही. मोठ्या माणसांचे मोठे विभाग झाले. माझं मत विचारशील तर आपण महाराष्ट्रीय माणसाच्या विद्वत्तेला भुलतो, तो गेल्यावर त्याच्या कपाटाचं काय होतं ते बघत नाही.

आता मानेसर.

१९९० चं दशक अमेरिकेनं 'मेंदूचं दशक' म्हणून जाहीर केलं होतं. आपल्याकडं १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची घोषणा झाली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाखाली. तेव्हा त्या विभागाच्या सचिव मंजू शर्मा होत्या. आरोग्य खात्याखाली न देता जैवतंत्रज्ञानाखाली दिलं, हेही ध्यानात ठेव: हे रुग्णालय होणार नव्हतं, तिथं खाटा नसणार होत्या. पाठीशी उभे होते प्रकाश नारायण टंडन. दिल्लीच्या एम्समध्ये १९६५ मध्ये न्यूरोसर्जरी सुरू करणारे. आयुष्यभर रोज शस्त्रक्रिया केलेल्या माणसानं शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या संस्थेसाठी झटावं, आणि तिच्या सोसायटीचं अध्यक्षपद घेऊन पोरासारखं सांभाळावं, याला मोठं मन लागतं. कारण रोज टेबलावर हरलेला माणूसच सांगू शकतो की हत्यार कमी पडत नाही, समज कमी पडते.

संचालक म्हणून आल्या रवींद्रनाथ, निम्हान्समधून. १९८६ पासून त्या तिथं होत्या. त्यांचं काम काय, ते दोन ओळींत सांगून भागणार नाही.

एक: आपण गिळलेली औषधं यकृतात मोडतात, हे शाळेपासून ऐकलेलं. त्यांनी शवविच्छेदनात मिळालेल्या माणसाच्या मेंदूत औषधं मोडणारी तीच विकरं (एन्झाइम) शोधली आणि दाखवलं की मेंदू स्वतःसुद्धा औषधं मोडतो, आणि यकृतापेक्षा वेगळ्या रीतीनं मोडू शकतो. म्हणजे रक्तातलं प्रमाण सारखं असलेल्या दोन माणसांवर एकाच झोपेच्या गोळीचा परिणाम वेगळा का, याचं एक उत्तर कवटीच्या आत आहे.

दोन: लाखेची डाळ. विदर्भात लाखोळी म्हणतात. पाऊस गेला, बाकी सगळं करपलं तरी हे पीक उभं राहतं, म्हणून दुष्काळात तीच पोटात जाते. महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पायातली ताकद जाते, पाय ताठरतात, माणूस कायमचा काठीवर येतो. आपल्याकडं १९७२ च्या दुष्काळात लाल मिलोवर, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीवर, निभावलं. ज्यांच्या वाट्याला लाख आली त्यांनी पाय गमावले. पुरुषांना हा आजार बायकांपेक्षा जास्त होतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, का ते ठाऊक नव्हतं. रवींद्रनाथांच्या गटानं उंदरांवर दाखवलं की डाळीतलं विष पेशीच्या ऊर्जाकेंद्रावर घाव घालतं, आणि माद्यांच्या मेंदूत एक संरक्षक प्रथिन जास्त असतं, ज्याचा संबंध स्त्री-संप्रेरकाशी आहे. गरिबाच्या ताटातला प्रश्न रेणूपर्यंत नेला. त्यांना १९९६ मध्येच विज्ञानासाठीचा भटनागर पुरस्कार मिळाला होता.

त्या वेळी मी निम्हान्समध्ये रेसिडेंट होतो. १९९५ मध्ये तिथं एस. के. शंकर यांच्या पुढाकारानं मेंदू पेढी सुरू झाली, आणि तिची झळ आम्हा पोरांना बसली. झळ म्हणतो कारण रात्री दोनला रुग्ण गेला की नातेवाइकांशी बोलायचं काम आमच्याकडं. नवरा गेलेल्या बाईला विचारायचं, ताई, यांचा मेंदू द्याल का? पहिल्यांदा मला शब्द फुटला नाही. वरिष्ठांनी शिकवलं: घाई करू नको, आधी पाणी दे, बस त्यांच्याजवळ, मग सांग की पुढच्या कुणाच्या कामी येईल. किती जणांनी 'नाही' म्हटलं याची मोजदाद मी सोडून दिली होती. पण काहींनी दिला. सर्वसाधारण रीत अशी की मेंदूचा एक भाग फॉर्मालिनमध्ये जातो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, आणि दुसरा उणे ८० अंशांच्या शीतपेटीत, रसायनं आणि जनुकं तपासण्यासाठी. सोबत त्या माणसाची संपूर्ण हकीकत हवी: वय, आजार, औषधं, मृत्यू आणि काढणी यांत किती तास गेले. हकीकत नसेल तर तो मेंदू म्हणजे पत्ता पुसलेलं पाकीट. निम्हान्सला मेंदूचं संग्रहालयही आहे, लोकांसाठी उघडं. तिथं खरा मेंदू हातात घेता येतो. बंगळुरूला गेलीस तर बाकी काही पाहिलं नाहीस तरी चालेल.

शीतपेटी, नोंद आणि ती जपणारा माणूस, एवढं ज्यानं पाहिलंय त्याला मानेसरच्या सुरुवातीच्या वर्षांत काय चाललं असेल ते समजतं. अरवलीच्या पायथ्याशी जमीन, तिथं इमारत. पण इमारतीच्या आधी रवींद्रनाथांनी आणि टंडन यांनी दोन गोष्टी केल्या त्या मला फार शहाणपणाच्या वाटतात. देशभर विखुरलेल्या मेंदू-अभ्यासकांना आणि रुग्णालयांना केंद्राशी जोडून घेतलं. केंद्राकडं रुग्ण नव्हते, रुग्णालयांकडं प्रयोगशाळा नव्हती. आणि २००२ मध्येच अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळवला. म्हणजे विद्यार्थी आले, स्वतःची पदवी द्यायची सोय झाली. पंचविशीतली पोरं रात्री अकरालाही प्रयोगशाळेत दिसतात ती संस्था जगते. नुसते शास्त्रज्ञ भरले तर पाच वाजता दिवे जातात. १६ डिसेंबर २००३ ला राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी केंद्र देशाला अर्पण केलं, तोवर काम आत सुरू झालेलं होतं. आपल्याकडं उलटं असतं, कोनशिला आधी आणि आत कबुतरं.

पुढं काय कामं झाली यातली दोनच सांगतो, कारण ती मी माझ्या रुग्णांना सांगत असतो.

नीरज जैन हे नंतर तिथले संचालक झाले. त्यांचा अभ्यास मज्जारज्जूच्या इजेचा. मानेत इजा होऊन हाताकडून संदेश येणं थांबलं की पेनफिल्डच्या नकाशातला हाताचा भाग रिकामा पडतो. तो रिकामा राहत नाही. माकडांमध्ये असं दिसलं की शेजारचा चेहऱ्याचा, हनुवटीचा भाग तिथं सरकतो. शेजाऱ्याचं शेत पडीक दिसलं की बांध कोरतात ना, तसं. रात्री मोटारसायकलवरून पडलेला, मान दुखावलेला तिशीतला पोरगा माझ्यासमोर असतो आणि बाप विचारतो, मेंदूला तर काही लागलं नाही ना? त्याला काय सांगायचं हे मला या कामामुळं कळलं. मेंदूला लागलं नाही, पण मेंदू बदलतोय, म्हणून व्यायाम आजपासून.

दुसरं काम आपल्या लिपीचं. नंदिनी चटर्जी सिंग यांच्या गटानं देवनागरी वाचताना मेंदूत काय होतं ते एमआरआयमध्ये पाहिलं. इंग्रजी वाचन सरळ डावीकडून उजवीकडं जातं, बहुतेक भार मेंदूच्या डाव्या बाजूवर. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडं, आणि ऱ्हस्व इकार? लिहायचा अक्षराच्या आधी, म्हणायचा नंतर. 'किती' लिहून बघ आणि स्वतःच्या डोळ्यांकडं लक्ष दे. जागेचा हा हिशोब ठेवायला उजवी बाजूही कामाला लागते, असं त्यांना दिसलं. याच केंद्रात पुढं डाली नावाची चाचणी तयार झाली, वाचन-अक्षमता ओळखण्यासाठी, आणि ती ज्या भाषांत आहे त्यांत मराठी आहे. इंग्रजी चाचणीचं भाषांतर करून मराठी पोराला मापणं म्हणजे वजनाच्या काट्यावर उंची मोजणं. औसा-निलंग्याच्या शाळांतून माझ्याकडं पोरं येतात, चिठ्ठीवर 'मंद' लिहिलेलं. पोरगं बाजाराचा हिशोब तोंडी करतं, शेळीचं वय दातावरून सांगतं, फक्त जोडाक्षर दिसलं की अडतं. तो मंद नाही. त्याच्या मेंदूची वाचायची वाट निराळी आहे, एवढंच. ही एक चाचणी गुरुजींच्या हातात पडली तरी मानेसरवर झालेला खर्च माझ्या हिशोबी वसूल.

रवींद्रनाथ २००९ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. मानेसरला त्यांच्यानंतर एम्सच्या जीवरसायनशास्त्र विभागातले सुब्रत सिन्हा, मग जैन, मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले कृशानू राय. तिघांचे विषय तीन, एकाचं काम दुसऱ्याच्या कामाशी जुळत नाही, तरी संस्था चालली. संस्थापकाची खरी परीक्षा तिथं असते. आपल्याकडच्या कितीतरी संस्था साहेब गेले की साहेबांच्या पुतळ्यापुरत्या उरतात.

बंगळुरूला रवींद्रनाथांनी दुसरं घर मांडलं: मेंदू संशोधन केंद्र. पैसा इन्फोसिसच्या क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टचा, दहा वर्षांसाठी २२५ कोटी. २०२२ मध्ये तिथल्या इमारतीचं उद्घाटन झालं. पण तू पाहायचं ते इमारतीबाहेर. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार खेडुतांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचा असा त्यांचा अभ्यास आहे: रक्त, स्मरणशक्ती, चालणं, मेंदूचं चित्र. विसरभोळेपणा कुणाला गाठतो, कुणाला सोडतो, ते आधीपासून पाहायचं. एवढ्या पैशाच्या केंद्राचा जीव कुठं आहे, तर आंबे आणि टोमॅटो पिकवणाऱ्या एका तालुक्यात. औशाहून फार निराळा नसेल तो.

यावर तुझा तिसरा प्रश्न येतो. आपल्याकडं का नाही?

कारणं मोजायला बसलं तर निजामापासून सुरुवात होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात. मोठं इस्पितळ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. वैद्यकीय महाविद्यालय आलं १९५६ मध्ये औरंगाबादला, आपली घाटी. १९७४ ला अंबाजोगाई. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात. १९८८ नांदेड, लातूर तर २००२. राज्यातली चारही जुनी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आपल्या आठ जिल्ह्यांत एकही नाही, जालन्याला आता कुठं मंजुरी मिळाली. मी आलो तेव्हा मेंदूच्या फोटोसाठी रुग्ण सोलापूर किंवा हैदराबादला पाठवावा लागे. जाताना शेळी विकलेली असे, येताना पोरीच्या कानातलं.

हे सगळं खरं. आणि हे सगळं सांगून आपण दर दोन वर्षांनी निवेदन देतो: केंद्र द्या, एम्स द्या. पण मानेसरला १९९७ मध्ये काय होतं? माळरान. मागासलेपण हे कारण निम्मंच आहे. उरलेलं निम्मं आपल्या कपाटात आहे.

माझाच अनुभव सांगतो. लातुरात येण्याआधी मी काही महिने एका रुग्णालयात होतो. नाव घेत नाही. तिथं फिटच्या रुग्णांची वेगळी वही सुरू केली. गाव, वय, पहिली फिट कधी, डुकरं मोकाट आहेत का, पाणी कुठलं, सीटीत काय दिसलं. डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होतात, त्यातून फिट येते. 'मेंदूत किडा' म्हणतात तो हा. वहीत गावं जुळायला लागली होती. एकाच ओढ्याकाठची चार गावं पुन्हा पुन्हा. मी रजेवर गेलो, परत आलो तर रेकॉर्डची खोली रंगवायला काढलेली आणि जुने कागद रद्दीत. वजन करून दिले होते, पावतीसुद्धा दाखवली मला. रागावून मी तिथून निघालो, त्यात माझंही चुकलं. एक नक्कल घरी ठेवायला मला कुणी अडवलं नव्हतं.

बंगळुरूच्या गौरी-देवी यांनी, त्या निम्हान्सच्या संचालकही होत्या, एक लाखावर लोकांची शहरात आणि खेड्यात घरोघर पाहणी केली होती. मेंदूचे आणि नसांचे विकार खेड्यात शहराच्या जवळजवळ दुप्पट निघाले. आपल्या गावातलं चित्र काय आहे? मराठवाड्यात कुणी बसून मोजलेलं नसेल तर मंत्र्यासमोर काय ठेवायचं?

आणि मोजलेलं नाहीच असंही नाही. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. त्यानंतर वाचलेल्यांच्या मनाचं काय झालं, याचा अभ्यास पुण्याच्या मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली झाला. रंगभूमीवरचे नाना फडणवीस म्हणून उभा महाराष्ट्र ज्यांना ओळखतो तेच. संकट आपलं, अभ्यासाची संस्था पुण्याची. वाईट वाटून घेऊ नको, पण लक्षात ठेव.

उलटं उदाहरणही मराठवाड्याचंच आहे. हिम्मतराव बावस्कर, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. कोकणात महाडजवळ प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत जाताना पाहिली. लाल विंचवाचं विष नसांच्या टोकांना असं पेटवतं की शरीरात अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा लिहून काढला. ते 'लान्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मग प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली आणि विंचवानं मरणारी माणसं वाचायला लागली. २०२२ मध्ये पद्मश्री. केंद्र नाही, निधी नाही, प्रयोगशाळा नाही. वही होती. मज्जासंस्थेवरचं याहून चोख संशोधन माझ्या पाहण्यात आपल्या मातीतल्या माणसाकडून झालेलं नाही, आणि त्यांना कुणी 'न्यूरो'वाला म्हणत नाही.

आपल्याकडं देहदान वाढलंय, फॉर्म भरणारे बरेच भेटतात. पण देहदानाचा देह शरीररचनाशास्त्राकडं जातो, रसायनं भरून. मेंदू पेढीला हवा तसा मेंदू त्यातून मिळत नाही. तो काही तासांत काढून थंड करावा लागतो, आणि हयातीतली हकीकत हाताशी लागते. लातूर, अंबाजोगाई, नांदेड, संभाजीनगर या चार सरकारी महाविद्यालयांनी मिळून एक शीतपेटी, एक तंत्रज्ञ आणि एक नोंदवही एवढं जरी केलं, तरी मानेसर आणि बंगळुरू आपल्या दारात येतील. माझ्या हिशोबी आपल्या मेंदू केंद्राची पहिली खोली ती. मी हे दोन बैठकांत बोललो. चहा छान होता.

तुझ्यापुरतं: एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात नेट-जेआरएफचा अभ्यास मनापासून कर. मानेसर किंवा बंगळुरूसारख्या ठिकाणी पीएच.डी.ची वाट अशाच राष्ट्रीय परीक्षा आणि मग मुलाखत यांतून जाते. मुलाखतीत पुस्तकापेक्षा 'तुला कोणता प्रश्न पडला' हे जास्त विचारतात. उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने काढ, भांडी धुवायला लागली तरी. संख्याशास्त्र शिक, जीवशास्त्राची आपली पोरं तिथंच गळतात.

आणि प्रश्न हवा असेल तर माझ्याकडं आहे. शनिवारी दुपारनंतर माझी ओपीडी नसते. लातुरात आल्यापासूनच्या फिटच्या वह्या माझ्याकडं आहेत, या वेळी घरी. दोन वाळवीनं खाल्ल्या, बाकी शाबूत. गावांची नावं मोडी वळणाच्या माझ्या अक्षरात आहेत, ती वाचून संगणकावर चढवायची आहेत. ओढ्याकाठची ती चार गावं तुला त्यात पुन्हा सापडतात का, बघ. येताना जाडसर पेन्सिल आण, आणि आईलाही घेऊन ये. तिच्याशी नीटबद्दल मी बोलतो.